सोपवलेली चावी

रविवार, २३ मार्च

आज मला सोसायटीच्या पाण्याची चावी मिळाली.

ही डायरी यांच्या मिलच्या व्यापाऱ्याने दिवाळीला दिली होती. कपाटात कोरीच पडून होती. काही घडल्याशिवाय डायरीत काय लिहायचं, असं वाटायचं. आज घडलं.

सभा गणपतीच्या शेडमध्ये होती. आमच्या गिरणानगरात तीन गल्ल्या, तीन पाइपलाइनी, आणि तिन्ही गल्ल्यांची तक्रार एकच, की पाणी दुसरी गल्ली ओढून घेते. पहिल्या गल्लीला सकाळी सहाला पाणी हवं, दुसरीलाही सहालाच हवं. तिसरी गल्ली आमची. आम्हालाही सहालाच हवं होतं, पण आमचा आवाज लहान. आरडाओरडा करून सगळे दमले तेव्हा शेजारचे सखारामभाऊ उठले. ते परभणीकडचे. लूमवर रात्रपाळी करतात आणि सभेत एरवी पेंगत असतात. म्हणाले, "आपन इतकी मानसं मिळून एक कॉक कवा फिरवायचा ते ठरवू शकत नाई. सभेनं एवढंच ठरवावं, की पानी समद्याला सारखं मिळावं. कवा, कसं, किती, ते पुष्पाताईवर सोडा. त्यांनी बालवाडी सांभाळली, आपल्यालाबी सांभाळतील."

मॅच सुरू व्हायची होती, त्यामुळे सगळ्यांचे हात पटकन वर गेले. पण हात ते हातच.

घरी गायत्रीला सांगितलं. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "मम्मी, हे तर आमच्या पेपरला आहे!" आणि तिने एक लांबलचक नाव सांगितलं, प्रत्यायोजित विधान. मला दोनदा म्हणूनही जमलं नाही. मग सोपं करून सांगितलं. संसद कायदा करते, पण थोडक्यात. बारीकसारीक नियम करायचं काम ती सरकारी खात्यांवर सोपवते, कारण प्रत्येक स्क्रूचं माप संसदेत बसून ठरवता येत नाही.

"म्हणजे सोपवलेला कायदा," मी म्हटलं. "आणि मी सरकार?"

"तू खातं आहेस, मम्मी. सरकार सभा आहे."

आमचे हे, म्हणजे सुकदेवराव, पलसाण्याला मिलमध्ये रंगखात्यात आहेत. त्यांची नखं बघून मला कळतं की येत्या सणाला बाया कुठल्या रंगाची साडी नेसणार. आज नखं मोरपंखी होती. ते जेवता जेवता म्हणाले, "आते घरमा बी नियम व्हतीन का?" मी म्हटलं, घरात आधीपासून आहेत.

मंगळवार, २५ मार्च

पंपाच्या खोलीबाहेर फळा लावला. खडूने पहिले नियम लिहिले. पहिली गल्ली सहाला, दुसरी पावणेसातला, तिसरी साडेसातला. पुढच्या महिन्यात क्रम फिरेल. माझं अक्षर बालवाडीपासून चांगलंच आहे, पण आज फळ्यावर जरा जास्तच छान आलं. लोक वाचायला थांबत होते.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी वत्सला धान्य निवडत आमच्या ओट्यावर बसली होती. वत्सला म्हणजे सखारामभाऊंची बायको. आमच्या दोघींच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावरून गेली कितीतरी वर्षं वाट्या, पातेली आणि मुलं इकडून तिकडे होत आली. बोलता बोलता म्हणाली, "मालक साडेआठला येतात. अंगभर कापसाची लव. तवर कॉक बंद. भरून ठेवलेल्या पान्यात दिवस काढायचा, म्हनून अर्ध्या बादलीत आंघोळ करतात."

तक्रार म्हणून ती बोलली नव्हती. पण आमच्या गल्लीत रात्रपाळीवाले बरेच आहेत. मी उठले, फळा पुसला, तिसऱ्या गल्लीची वेळ सव्वाआठ केली. खडू ठेवून परत येईपर्यंत वत्सलाचे गहू निवडूनही झाले नव्हते.

गायत्री म्हणाली, हाच पहिला फायदा. सभेकडे नेलं असतं तर पितृपक्ष उजाडला असता. ज्याला आतलं माहीत आहे तो लगेच बदल करू शकतो.

मला फार बरं वाटलं.

शनिवार, ५ एप्रिल

वरून येणारं पाणी आता उन्हाळाभर कमी येणार, अशी सूचना आली. सगळे घाबरून माझ्याकडे. मी सकाळीच नवं वेळापत्रक करून फळ्यावर लिहून टाकलं. गाड्या पाइपने धुवायच्या नाहीत. गोधड्या फक्त रविवारी. वेळ संपल्यावरही लाइनीत थोडं पाणी उरतं, ते दारातला कॉक उघडून कोणी वेळेबाहेर भरायचं नाही. दुपारपर्यंत सगळं सुरळीत. पहिल्या गल्लीतला चेतन, जो इच्छापोरला कंत्राटी कामावर जातो, मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काकू, तुम्ही तर नगरसेवक व्हायला पाहिजे."

तसं काही मनात नाही.

बुधवार, ९ एप्रिल

दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईने खापरावरच्या पुरणपोळ्या आणून दिल्या आणि जाताना म्हणाली, आमची लाइन जरा दहा मिनिटं जास्त. मी पोळ्या परत केल्या. (एक गायत्रीने आधीच खाल्ली होती.) लगेच फळ्यावर लिहिलं: ओळखीवर सूट मागू नये. कोणालाही मिळणार नाही.

आणखी काही नियम केले. टाकीजवळ मुलांनी खेळायचं नाही. गच्चीवर पापड वाळत घालायचे नाहीत, उडून टाकीत पडतात. पंपाच्या खोलीपाशी चपला काढायच्या. पाणी भरताना मोठ्याने गाणी लावायची नाहीत.

यांनी फळा वाचला आणि विचारलं, "पानी समदासले सारखं भेटो, याम्हा गानास्ना काय संबंध?"

मी म्हटलं, गाण्याच्या नादात बादल्या ओसंडून वाहतात. ते मान हलवून आत गेले. त्यांना कामाच्या गोष्टीत फारसं लक्ष नसतं.

गुरुवार, १७ एप्रिल

वत्सलाची दिपाली बाळंतीण झाली. मुलगी! परवाच्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली. पोर अगदी गव्हाच्या दाण्यासारखी आहे, तिच्या आजीच्या रंगाची. जावई योगेश येऊन बघून गेला. वत्सलाने किती दिवसांपासून बाळंतिणीची खोली सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. पहिली लेक, पहिलं बाळंतपण, सव्वा महिना माहेरी.

वत्सला भिंतीपाशी येऊन अवघडून म्हणाली, "ताई, बाळंतिनीचं शेकनं, न्हानं, लंगोट. पानी पुरत नाई." मी म्हटलं, अगं विचारतेस काय! तुला वाटेल तेव्हा दारातला कॉक उघड आणि भर. बाळंतिणीला कसली वेळ?

फळ्यावर लिहायचं राहिलं. पण शेजारणीत काय लिहायचं. आणि गेल्याच आठवड्यात ओळखीवर सूट नाही असं लिहिलंय, त्याखाली हे बरं दिसलं नसतं.

रविवार, २० एप्रिल

गायत्री पेपरची तयारी करतेय. मला समोर बसवून उत्तर म्हणून दाखवते. फायदे ऐकताना मजा आली. संसदेला वेळ वाचतो, जाणकार माणूस बारकावे बघतो, संकट आलं की लगेच नियम करता येतो, चुकलं तर लगेच बदलता येतो. माझंच वर्णन.

मग तोटे सुरू झाले. लोकांनी निवडलेली सभा बाजूला राहते, ज्याच्या हाती दिलं तो हद्द ओलांडतो, लोकांना नियम कळतच नाहीत, विचारणारं कोणी नसतं… मला तिथे डुलकी लागली. जागी झाले तर ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "मम्मी, तोटे पुन्हा एकदा म्हणू का?" मी म्हटलं, तुझं पाठ झालंय, जा झोप.

शुक्रवार, २५ एप्रिल

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, उद्या माहेरी चालले. अमळनेरजवळ आमचं गाव. वर्षातून एकदाच जाणं होतं. यांना सुट्टी नाही, गायत्रीला अभ्यास. चावी कोणाला द्यावी हा प्रश्न होता. चेतनला दिली. पोरगा नेकीचा आहे, वेळेचा पक्का. सांगितलं, सगळं फळ्याप्रमाणे कर, आणि काही अडलं तर लागेल तसा नियम कर.

गायत्री म्हणाली, "मम्मी, सोपवलेलं काम आणखी पुढे सोपवता येत नाही. सभेने तुझ्यावर विश्वास टाकलाय, चेतनदादावर नाही."

मी म्हटलं, माहेरी जायला सभा बोलावू का? पुस्तकातली माणसं माहेरी जात नसतील.

बुधवार, ३० एप्रिल, आखाजी

अंगणातल्या लिंबाला झोका बांधलाय. भावजया, भाच्या, माझ्या वयाच्या दोघी, सगळ्या गाणी म्हणत होतो. मी उभ्याने झोका घेतला! भावाने घाबरून दोरी धरली. नवी घागर पुजली, आमरस, सांजोऱ्या. दुपारभर पायरीवर बसून हसलो.

यांना फोन केला. "समदं ठीक शे," म्हणाले आणि घाईत होते. मागे बादलीचा आवाज येत होता. आमच्या गल्लीची ती वेळ नव्हे. विचारलं तर म्हणाले, चप्पल ओली झाली, ठेवतो. एवढ्या उन्हात चप्पल कशी ओली होते?

वत्सलाला दोनदा लावला, तिने उचलला नाही. बाळंतिणीच्या घरात कुठला फोन उचलणं होतं.

रविवार, ४ मे

काय लिहू.

दुपारी रिक्षातून उतरले. सांजोऱ्यांचा डबा घेऊन आधी वत्सलाच्या दारात गेले. दार लोटलेलं. वत्सला आत पलंगापाशी बसली होती. पलंग रिकामा. दोरीवर लंगोट नाहीत. मला वाटलं दवाखान्यात नेलं की काय. विचारलं, दिपाली कुठे?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेलं तिला. सासरच्यांनी. तुमच्या घरी पानी नाई म्हनले."

"पाणी नाही म्हणजे?"

"तुमीच बंद केलंय नं ताई."

मी पळत फळ्याशी गेले. माझ्या नियमांच्या खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं: वेळेबाहेर पाणी भरणाऱ्या घराचा कॉक सात दिवस बंद. हुकमावरून, पुष्पाबाई.

माझं नाव. वत्सलाच्या दारातल्या कॉकच्या पेटीला कुलूप.

आधी कुलूप काढलं. मग चेतनच्या घरी गेले. एवढं ओरडले की त्याची आई बाहेर आली. तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, वत्सलाकाकू दुपारी पाणी भरत होत्या. मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, पुष्पाताईंनी सांगितलंय. पण फळ्यावर नव्हतं ना. दुसऱ्या गल्लीतले तिघे पण असंच म्हणत होते, पुष्पाताईंनी सांगितलंय. मी कोणाचं खरं मानू? तुम्हीच म्हणालात, लागेल तसा नियम कर. मी चौघांचेही कॉक बंद केले. सगळ्यांना सारखं."

"मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही म्हणाल, एवढंही जमत नाही याला."

खोटं बोलणारा पोरगा नाही तो. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

सोमवार, ५ मे

हळूहळू सगळं कळलं. कॉक बंद झाल्यावर हे रोज पलसाण्याला जायच्या आधी आणि आल्यावर आमच्या नळाचं पाणी भिंतीवरून वत्सलाकडे देत होते. तरी बाळंतिणीचं घर त्यात किती भागणार. दिपालीला ताप आला. पोरीच्या गळ्याखाली घामोळ्यांचा लाल पट्टा उठला. योगेश बघायला आला आणि त्याच पावली रिक्षा बोलावली. वत्सलाने पाय धरायचे बाकी ठेवले म्हणे. सव्वा महिना व्हायच्या आत लेक माहेराहून उचलून नेली, ती पाण्यापायी.

मी यांना विचारलं, तुम्ही चेतनला सांगितलं का नाही?

"सांगं. तो म्हने, काका, ओळखीवर सूट नही, काकूनाच नियम शे." मग म्हणाले, "तुना अक्षरमा लिखेल व्हतं. मी काय बोलू?"

"मग मला फोनवर का नाही सांगितलं? मी त्याच गाडीने आले असते."

"म्हनीसनच नही सांगं. वरीसमा एकदाव जास तू. झोकावर बठेल व्हशी. तुले तठून कसाले उतारू?"

झोक्यावरून मला कशाला उतरवायचं, म्हणे. मी स्वयंपाकघरात गेले. आज त्यांची नखं लाल होती. लग्नसराईचा माल असेल. जेवण वाढताना त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं.

मंगळवार, ६ मे

मी सगळ्यांवर चिडून बघितलं. चेतनवर, की डोकं वापरलं नाही. वत्सलावर, की तिने भांडून कुलूप फोडलं नाही. सखारामभाऊंवर, की बायकोची बाजू घेतली नाही. ते म्हणे रात्रपाळीहून आले, फळा वाचला आणि म्हणाले, नियम हाय, आपनच ह्यांना निवडलंय.

चिडणं फार टिकलं नाही. सूट मी तोंडी दिली, फळ्यावर लिहिली नाही. का लिहिली नाही ते मला माहीत आहे. लोकांना वाटलं असतं, पुष्पाबाईंच्या शेजारणीला एक नियम आणि आपल्याला दुसरा.

वत्सला भिंतीपाशी येत नाही. तिच्या घरात कुकरची शिट्टी होते तीही ऐकू येते, एवढं शांत आहे.

बुधवार, ७ मे

इच्छापोरला गेले. एकटीच. दिपालीचं सासर कारखान्यांच्या मागच्या चाळीत. दारात तिची सासू मंगलाबाई भाजी चिरत होत्या. नाव सांगितलं तर सुरी थांबली. "तुम्हीच का त्या पाण्याच्या बाई?"

मी हो म्हटलं.

"या. पाणी घ्या. आमच्याकडे आहे."

तांब्या हातात दिला त्यांनी. मी तो मांडीवर धरून बसले. मी सांगितलं, चूक वत्सलाची नाही. मी तिला भर म्हणाले होते आणि कोणाला कळवलं नाही. दिपालीला परत माहेरी पाठवा, सव्वा महिना होऊ द्या. आईचा जीव अर्धा झालाय. आता काही कमी पडणार नाही, माझा शब्द.

"मागच्या वेळीही तुमचा शब्दच होता ना?" मंगलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "शब्दाचं काय आहे, तुम्ही गावाला गेलात की तोही गेला. चार माणसांसमोर ठरू द्या. मग बघू."

आत दिपाली पोरीला घेऊन बसली होती. मला बघून उठायला लागली. "मावशी, आई जेवते का?" एवढंच विचारलं. पोरीच्या गळ्याला पावडर लावली होती. तिने माझं बोट धरलं. तिला काय माहीत कोणाचं बोट.

शुक्रवार, ९ मे

रविवारी सभा बोलावली. चावी परत करणार. माझं ठरलं.

गायत्री म्हणाली, परत करू नकोस, फक्त बोलाव. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

यांचं काय चाललंय कळत नाही. आज शिफ्टहून आल्यावर सखारामभाऊंबरोबर चहाच्या टपरीवर बसले होते, सोबत गायत्री आणि तिचं ते जाड पुस्तक. यांना इंग्रजी वाचता येत नाही, सखारामभाऊंना तर मराठीही चष्म्याशिवाय नाही. मला बघून तिघेही गप्प झाले. पोरीच्या फीबद्दल बोलत असतील.

रविवार, ११ मे

शेड भरली होती. वत्सला मागच्या बाजूला, खांबाला टेकून. मी उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं. चेतनवर काही ढकललं नाही. चावी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आजपासून सगळं सभेनेच ठरवावं. माझ्या हातून नीट झालं नाही.

मग पहिल्या गल्लीतून कोणीतरी विचारलं, "पण उद्या सकाळी कॉक कोण फिरवणार?"

आणि सुरू झालं. उद्या आधी कोण? पाणी कमी आलं तर? मोटार बंद पडली तर परत सभा बोलवायची का? पहिल्या गल्लीला सहा हवे, दुसरीला सहा. चहा आला, थंड झाला, साय धरली. उद्याची एक वेळ ठरली नाही.

सखारामभाऊ उठले. म्हणाले, "चावी परत द्या त्यांला. त्यांच्याबिगर चालत नाई हे दिसलंच. पर मोकळी नगा देऊ." आणि मग ते जे बोलले ते ऐकून मी थक्क झाले. नियम फक्त पाण्याचे, चपला-गाण्यांचे नाहीत. जो फळ्यावर नाही तो नियम नाही, आणि सूटही फळ्यावरच, कारणासकट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे नियम सभेत वाचायचे, हात वर आले तो राहील, नाही आले तो पुसायचा. गावाला जायचं तर चावी कोणाकडे ते सभेने आधीच ठरवून ठेवायचं, आणि त्याने फक्त कॉक फिरवायचा, नवा नियम करायचा नाही. मध्ये मध्ये ते अडखळले की गायत्रीकडे बघत होते. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला एवढं सगळं कधी सुचलं कोण जाणे. हे आपले टाळी वाजवायला सगळ्यात पुढे.

"आनि दंड ठरवायचा तर तो सभेनं," सखारामभाऊंनी संपवलं.

तेव्हा मागून वत्सला बोलली. ती सभेत कधी बोललेली मला आठवत नाही.

"दंड काय करायचा तो करा. पर पानी तोडायचा हक्क कुनालाच नगं. पुष्पाताईला नगं, अन् सभेलाबी नगं."

चेतनच्या शेजारचा एकजण म्हणाला, "मग कोणी नियम मोडला तर करायचं काय?"

"भांडा," वत्सला म्हणाली. "माझ्या दारात येऊन भांडा. मी ऐकून घेईन. पर लेकराच्या घरचं पानी तोडू नगा."

पहिला हात चेतनचा वर गेला. मग सगळ्यांचे. गायत्री माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, हे माझ्या पुस्तकात नव्हतं."

चावी मला परत दिली. मी वत्सलाकडे बघितलं. ती निघून गेली होती.

बुधवार, १४ मे

दिपाली आली! योगेशने स्वतः आणून सोडली. मंगलाबाईंना सभेचं कळवायला सखारामभाऊ आणि हे दोघे गेले होते. मला न सांगता. म्हणे त्या दोघांना बघून मंगलाबाई म्हणाल्या, आता ठरलं असेल तर ठरलं, आणि सुनेची पिशवी भरायला घेतली.

सकाळीच फळ्यावर लिहिलं: बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घराने कधीही पाणी भरावं. कारण: गरज. घराचं नाव घातलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

दुपारी भिंतीवर एक वाटी दिसली. त्यात डिंकाचा लाडू. पलीकडून वत्सला, तोंड दुसरीकडे करून: "चाखून बघा. गूळ जास्त झालाय का."

जास्त झाला होता. मी म्हटलं, अगदी बरोबर झालाय.

"खोटं बोलू नगा," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघितलं.

मंगळवार, २० मे

गायत्रीचा पेपर झाला. तोच प्रश्न आला म्हणे, फायदे आणि तोटे. मी विचारलं, मग शेवटी काय लिहिलंस, चांगले की वाईट?

"लिहिलं, की सोपवल्याशिवाय देश एक दिवस चालणार नाही. आणि सोपवून पाठ फिरवली तर…" माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, भूक लागलीय."

रविवार, १ जून

पहिली मासिक सभा. नियम यांनी मोठ्याने वाचले. चपलांचा नियम गेला. पापडांचा गेला, बाया टाळ्या वाजवत होत्या. गाण्यांचा नियम वाचताना यांनी मुद्दाम माझ्याकडे बघून घसा साफ केला आणि सगळी शेड हसली. तोही पुसला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण फळा मोकळा झालेला बघून श्वास मोकळा झाला. वेळा, गोधड्या, गाड्या, बाळंतिणीचा नियम राहिले. मी गावाला गेले तर चावी चेतनकडे, असं सभेने ठरवलं. तो लाजला.

सव्वा महिना झाला, दिपाली उद्या सासरी जाणार. सभेआधी सकाळी वत्सलाने भिंतीवरून हाक मारली. तिचं मनगट दुखतंय, आज शेवटची आंघोळ तुम्ही घाला, म्हणाली.

मी मोरीत पाय पसरून बसले. पोरीला नडग्यांवर पालथी घेतली. इवलीशी पाठ, तेलाने चकचकीत. वत्सला शेजारी कढत-गार पाणी एकत्र करून तांब्याने ओतत होती. पोर आधी रडली, मग कोमट पाणी पाठीवरून उतरलं तशी गप्प झाली आणि माझ्या पायावर गाल टेकून पडून राहिली.

तांब्या रिकामा झाला. वत्सलाने विचारलं, "अजून घालू?"

मी म्हटलं, "घाल."